गायरानाची वाट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ शिकवीत होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंचविसावा खंड १८८६ साली निघाला. तो वनस्पतींविषयी आहे आणि दुष्काळात लोकांनी ज्या झाडापाल्यावर दिवस काढले, त्याची त्यात वेगळी नोंद केलेली आहे. मी फळ्यावर ‘दुष्काळी वनस्पती’ असे शब्द लिहिले आणि आपल्या भागात अडचणीच्या काळात काय खात असत, असे मुलांना विचारले. मुले नावे सांगू लागली. तरोटा, कुर्डू, घोळ, गोखरूचा पाला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तास संपल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्या घरी काल रात्री तरोटाच होता. मग आमच्याकडं रोजच दुष्काळ असतो का?”

मला तिला उत्तर देता आले नाही. माझे बालपण त्याच भाजीवर गेले आहे आणि इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेईपर्यंत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिराने दिलेले उत्तर आहे.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत आमचे गाव आहे. गावाच्या पूर्वेला आमची वस्ती, वस्तीच्या पुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे गायरान. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाप चौथीपर्यंत शिकला, मायने शाळा पाहिली नाही. जमीन नव्हती म्हणून दोघे ऊसतोडीला जात. दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास गाडी भरायची आणि पाडवा उलटल्यावर परत यायचे, असे कितीतरी वर्षे चालले. त्या काळात मी आणि माझा धाकटा भाऊ आजीपाशी राहत असू. म्हणजे आमच्या घराचे वर्षच दोन तुकड्यांत फाटलेले होते. पावसाळ्यात सगळे घर एकत्र आणि हिवाळ्यात आजी व आम्ही दोघे. दोन्ही तुकड्यांत एक गोष्ट मात्र सारखी होती. सकाळी फडके आणि विळा घेऊन रानात जायचे.

शहरातले लोक कुटुंबासह रानात जातात, त्याला सहल म्हणतात. आमचेही कुटुंब रानात जात होते. मी त्याला काय नाव द्यावे हे मला अजून सापडलेले नाही. काम म्हणावे तर मजुरी नव्हती. हौस म्हणावी तर पोट रिकामे होते. तरीही त्या चालण्यात हसणे होते, गाणी होती, भांडणे होती. पोटासाठी केलेल्या गोष्टीत आनंद नसतोच, असे समजणे हाही गरिबांविषयीचा एक अडाणीपणाच आहे.

आजी दिवस महिन्यांनी मोजत नसे, नक्षत्रांनी मोजत असे. मिरगाचा पाऊस पडला की पंधरा दिवसांत तरोटा हाताला येतो. पहिली चार पानेच कोवळी. फुलावर आला की तो कडू आणि जून होतो. तो उकडून, पिळून, तुरीची डाळ आणि लसूण घालून करायचा. तरोट्यामागून कुर्डू, तोही तुरा येण्याआधीच खुडायचा. घोळ ओलीच्या जागी पसरते, चवीला आंबूस, तिला पीठ पेरावे लागते. तांदुळजा, कुंजीर, केना, आघाड्याची कोवळी पाने. श्रावणात कुंपणाच्या वेलावर करटुली. भादव्यात अंबाडी, तिच्यात ज्वारीच्या कण्या घातल्या की एका भाजीत घर जेवते. दसऱ्याच्या सुमारास डोंगराला सीताफळे. पेरलेली रब्बी वर आली की ज्वारी-हरभऱ्याच्या वावरात पाथरी, ती कच्चीच भाकरीबरोबर. थंडीत बोरे. त्याच दिवसांत वाळलेल्या तरोट्याचे बी झोडून विकायचे. सुगी झाल्यावर सरवा, म्हणजे काढणीनंतर रानात राहिलेली कणसे आणि मातीतल्या भुईमुगाच्या शेंगा वेचणे. उन्हाळ्यात टेंभुर्णी, चिंचेचा कोवळा पाला, शेवगा आणि मिरगाच्या तोंडावर लिंबोळ्या. त्या गोळा करून वाळवायच्या आणि व्यापाऱ्याला मापाने घालायच्या. सरपण आणि शेण बारा महिने.

ही यादी मी आठवणीने लिहिली. आजीला विचारली असती तर तिने प्रत्येक नावापुढे एक जागा सांगितली असती. कुंजीर कुणाच्या कापसात, पाथरी कुणाच्या हरभऱ्यात, करटुली कोणत्या बांधावर. आणि जागेपुढे तिने आणखी एक गोष्ट सांगितली असती, जी कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेली नसते. तिथे जायला कुणाची परवानगी लागते आणि त्या परवानगीची किंमत काय पडते.

मी आठएक वर्षांची असेन. आजी एका मोठ्या शेतकऱ्याच्या कापसात कुंजीर खुडत होती. कुंजीर हे तण आहे. ते उपटून टाकण्यासाठी तोच शेतकरी बायांना रोजाने लावतो. तो बांधावर आला आणि म्हणाला, “भाजी नेतीस तर ने, पण सांजच्याला गोठ्यातलं शेण काढून जा.” आजीने मान हलवली. संध्याकाळी ती गोठा झाडून आली आणि चुलीपुढे बसून भाजी निवडू लागली. मी विचारले, “त्याला तर ती फेकूनच द्यायची व्हती, मग तू शेण कामून काढलं?” आजी म्हणाली, “भाजी त्याची नाही, पर बांध त्याचा हाय.”

मला वाटते, वेठबिगारीवरचे कितीतरी ग्रंथ वाचून जे समजत नाही ते या एका वाक्यात आहे. शेतकऱ्याला ज्याची किंमत शून्य, तेच आमच्या गरजेमुळे त्याच्या हातातले नाणे होत असे. खुरपणीला गेलेल्या बाईला ओटीत तण नेऊ देणे हे तिच्या मजुरीचा भाग मानले जाई आणि त्या हिशेबाने मजुरी कमी दिली जाई. सरवा वेचू देणे हा उपकार मानला जाई आणि उपकार फेडायचा तर सुगीत त्याच्याच रानात आधी जावे लागे. दुसऱ्याने जास्त रोज दिला तरी. ‘रानात फुकट मिळते’ असे जे म्हणतात त्यांनी रानातली फुकट भाजी कधी खुडलेली नसते.

फुकट मिळण्याची जागा एकच होती, ती म्हणजे गायरान. तिथे बांध नव्हता. ओढा ओलांडला की आजीची चाल बदलत असे. वावराच्या कडेने जाताना ती खाली मान घालून, पदर सावरून, आम्हाला पुढे घालून चाले. गायरानात शिरली की ती मोठ्याने बोलू लागे. मायचे आणि तिचे घरातले भांडण तिथे मिटत असे. बाप ऊसतोडीचे विनोद सांगे. आमच्याबरोबर मांगवाड्यातल्या बाया असत, वडाराच्या पोरी असत, धनगराची मेंढरे असत. आजी मला म्हणायची, “हे कुनाच्या हातचं नाही, भुईचं हाय. हितं कुनाला हात जोडायचा नाही.” तिला इतिहास माहीत नव्हता, पण सामायिक जमीन म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कोणत्याही प्राध्यापकाने सांगितली नाही.

पुढे मी शिकायला शहरातल्या वसतिगृहात राहिले. एकदा पावसाळ्यात मायने भाकरीबरोबर तरोट्याची कोरडी भाजी बांधून पाठवली होती. शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, “हे तर आमच्याकडे गुरंसुद्धा खात नाहीत.” तिचे म्हणणे एका अर्थाने बरोबरच होते. तरोट्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. मी तो डबा संडासामागे रिकामा केला आणि घरी निरोप पाठवला की इथे मेथी-पालक भरपूर मिळतो, काही पाठवू नकोस. मायने पुन्हा कधी भाजी पाठवली नाही. हे मी इथे लिहिते आहे, कारण आपल्या मुलामुलींच्या डब्यांचा इतिहास आपण लिहिला नाही तर दुसरे कुणी लिहिणार नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाची नोंद केली, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना आपल्या स्वयंपाकघराला इतिहास आहे हे प्रथम कळले.

आता येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. चळवळीतला एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, “ताई, बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले. तुम्ही पालापाचोळ्याचे गोडवे काय गाता?” ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले ते आपल्याला माहीत आहेत आणि खेड्याच्या पूर्वेला जन्मलेल्या कुणाही माणसाला त्यांतला एक शब्दही कमी करावासा वाटणार नाही. मीही खेडे सोडून आले. परत जाऊन तरोटा खुडावा असे मी कुणाला सांगत नाही.

परंतु बाबासाहेबांनी नेमके काय सोडायला सांगितले, हे नीट पाहिले पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे अन्न मागून खाणे सोडा, असे सांगितले. मृतमांस आणि शिळी भाकरी या दोन्ही गोष्टी गावाने आमच्या ओंजळीत टाकलेल्या होत्या. त्यांच्याबरोबर गावाची चाकरी आणि गावाची तुच्छता येत होती. त्या सोडल्या म्हणून आमची पाठ ताठ झाली. रानातली भाजी या जातीची नव्हती. ती कुणी वाढलेली नव्हती. मिळवण्यासाठी बाईला ज्ञान लागत होते, कष्ट लागत होते आणि निदान गायरानात तरी तिला कुणापुढे वाकावे लागत नव्हते. ज्या वर्षांत आमच्या आजोबा-पणजोबांनी येसकरकीची भाकरी मागणे बंद केले, त्या वर्षांत त्या भाकरीची जागा कशाने भरून निघाली, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. आमच्या घरापुरते मी सांगू शकते. आजीची सासू सांगत असे की भाकरी बंद केली तेव्हा पहिला पावसाळा घराने कण्या आणि तरोट्यावर काढला. स्वाभिमानाला सुद्धा रोज संध्याकाळी काहीतरी शिजवावे लागते आणि ते आणायला बाया गायरानात गेल्या. चळवळीच्या इतिहासात या बायांचे नाव नाही.

म्हणून गायरानाचा इतिहास हा आपल्या अन्नाचा इतिहास आहे. त्याची सुरुवात आमच्या भागात होत नाही. १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. थोडी जमीन असलेला गरीब शेतकरी पूर्वी डोंगरदऱ्यांतली उंबर-जांभळे खाऊन, पाने-फुले आणि लाकूडफाटा विकून, गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय आणि शेरड्या पाळून कसा जगत होता आणि सरकारने जंगलखाते काढून गायरानेसुद्धा त्यात कशी ओढली, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. १८७८ चा जंगल कायदा तेव्हा नुकता झालेला होता. तीन वर्षांनी निघालेल्या गॅझेटिअरच्या त्या खंडात ‘दुष्काळी वनस्पती’ येतात. एका हाताने रान बंद करायचे आणि दुसऱ्या हाताने त्या रानावर दुष्काळात माणसे कशी जगली याची नोंद करायची, असा हा कारभार होता. फुल्यांना जे दिसले ते गॅझेटिअरला दिसले नाही. गॅझेटिअरला वनस्पती दिसली, फुल्यांना ती खाणारा माणूस दिसला.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मुक्त झाला, तरी गायराने आणि परमपोक जमिनी गावातल्या बड्या लोकांच्याच ताब्यात राहिल्या. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी योजना मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. मग पडीक जमिनीचा लढा उरला. १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. १९६४-६५ च्या सत्याग्रहात देशभर लाखोंनी माणसे तुरुंगात गेली, त्यांत स्त्रियाही होत्या. मला नेहमी वाटते, ज्या बाया तुरुंगात गेल्या त्यांनी ज्या जमिनीसाठी घोषणा दिल्या, ती जमीन त्यांच्या पायांना आधीपासून पाठ होती.

१९७२ चा दुष्काळ आजीने तिशीत पाहिला. त्याविषयी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे. “लोकं म्हनतेत दुष्काळात पाला खाल्ला. पाऊस नाही तर पाला कुठला?” पाऊस न पडल्यामुळे तरोटाही उगवला नव्हता. गोखरू, चिंचेचा पाला आणि शेवग्याच्या झाडाला जे राहिले ते, एवढेच. त्या वर्षी घर जगले ते दुष्काळी कामावर. खडी फोडून, पाझर तलावावर माती वाहून, सुकडी आणि लाल मिलो खाऊन. म्हणजे भाजी ही दुष्काळाची नव्हतीच, ती पिकत्या पावसाळ्याची होती. गावाच्या कोठारात धान्य असताना आमच्या घरात ती शिजत होती. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. दुष्काळ निसर्गाचा असतो तेव्हा तो सर्वांना दिसतो आणि सरकारी कागदावर चढतो. जातीने आणि जमिनीच्या वाटणीने एका वस्तीवर लादलेली तूट कोणत्याही गॅझेटिअरमध्ये दुष्काळ म्हणून नोंदली जात नाही.

उरलेले अर्धे उत्तर अधिक अवघड आहे. १९८२ साली माझ्या आजोबांनी वस्तीतल्या इतर चार घरांबरोबर गायरानात नांगर घातला. आमच्या वाट्याला तीन एकर आले. त्या दिवसापासून आजी-आजोबांचे जे भांडण सुरू झाले ते आजोबा मरेपर्यंत चालले. आजोबांचे म्हणणे असे की दुसऱ्याच्या बांधावर किती दिवस चालायचे, आपला बांध पाहिजे. आजीचे म्हणणे असे की नांगर घातला की तरोटा कुठे उगवणार, वडाराच्या पोरींनी सरपणाला कुठे जायचे, मेंढरांनी कुठून जायचे? “बांध घातला की तू बी त्याच्यावानी इचारशील, कुनाच्या इचारानं आलीस म्हनून.”

लहानपणी मला आजीचे म्हणणे पटत असे, कारण मला गायरानात जायला आवडे. विद्यार्थिदशेत आजोबांचे पटू लागले, कारण जमिनीशिवाय माणसाला गावात किंमत नाही, हे मी वाचले होते आणि भोगलेही होते. आज मला वाटते की दोघेही खरे होते आणि त्यांना एकमेकांशी भांडायला लावणारी व्यवस्था खोटी होती. गावातल्या शेकडो एकर जमिनीवर कुणी बोट ठेवायचे नाही आणि उरलेल्या गायरानाच्या तुकड्यावर भूमिहीनांनी आपसांत ठरवायचे की ते कसायचे, चारायचे की वेचायचे! कसले तर भाजी जाते, न कसले तर हक्क जातो. हा पेच आमच्या घरातला नव्हता. तो आमच्या घरात आणून ठेवलेला होता.

शेवटी आजीने एक गोष्ट करून घेतली. ओढ्याकडचा पट्टा, पाच-सहा गुंठ्यांचा, आजोबांना नांगरू दिला नाही. तिथे कुणीही यावे, काहीही न्यावे. बापानेही तो मोडला नाही.

त्या तीन एकरांत आम्ही बाजरी, तूर, हुलगा घेतला. पहिली तीन वर्षे गावाची जनावरे पिकात सोडली गेली. अतिक्रमण म्हणून दंड झाला. आजी दंडाच्या पावत्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी, लग्नाचे डोरले जपावे तशा. मला त्याचे हसू येई. पुढे कळले की ती शहाणी होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तेव्हा जमीन कसत होतो याचा पुरावा म्हणून कामाला आल्या त्या गाव नमुना १-ई मधली अतिक्रमणाची नोंद आणि याच दंडाच्या पावत्या. ज्या कागदाने आम्हाला गुन्हेगार ठरवले, तोच कागद आमच्या हक्काचा आधार झाला. अर्ज झाला, पंचनामा झाला. जमीन अजून नावावर झालेली नाही. मराठवाड्यातल्या असंख्य घरांची हीच कथा आहे आणि एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नासाठी आपले आयुष्य खर्ची घातले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला. त्या निकालाचा रोख गावाची जमीन गिळणाऱ्या धनदांडग्यांवर होता. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींचा त्यात अपवाद केलेला आहे. पण अपवाद सिद्ध करायला कागद लागतो आणि आमचा कागद तीस वर्षे कचेरीत पडून आहे. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने या विषयाची दखल घेतल्यानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या. आमच्या घरी आलेली नोटीस बापाने मला दूरध्वनीवर वाचून दाखवली. चौथी शिकलेल्या माणसाने ‘निष्कासित’ हा शब्द तीनदा अडखळून वाचला. त्याचा अर्थ त्याला मी सांगण्याआधीच कळलेला होता. पुढे कारवाई थांबली, पण नोटीस मागे घेतली गेली नाही. आणि ज्या गायरानावर भूमिहीनाची तीन एकर बाजरी अतिक्रमण ठरते, तशाच गायरानांच्या जमिनी आता सौरऊर्जेच्या प्रकल्पांना दिल्या जात आहेत. विजेला माझा विरोध नाही. जमीन सार्वजनिक आहे म्हणून आम्हाला नाकारायची आणि ती सार्वजनिक आहे म्हणूनच दुसऱ्याला द्यायची, या न्यायाला विरोध आहे.

दरम्यान भाजीचेही दिवस फिरले आहेत. सोयाबीन आल्यापासून वावरात तणनाशक मारतात, बांधावरही मारतात. माय आता वावरातले काही खुडत नाही. पानाच्या कडा पिवळ्या दिसल्या की ती हात आवरते. जे तण एकेकाळी शेण काढून विकत घ्यावे लागे, ते आता फुकट दिले तरी घेण्याजोगे उरलेले नाही. उलट शहरात त्याला मान आला आहे. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. मी एका महोत्सवाला गेले होते. तरोट्याची जुडी टोपलीत मांडलेली, पुढे त्यातल्या जीवनसत्त्वांचा तक्ता. आदिवासी आणि शेतकरी बायांना त्यातून चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या तक्त्यावर भाजीचे सगळे गुण होते, फक्त ती कुणी, कुणाच्या बांधावरून, कोणत्या किमतीला आणून जिवंत ठेवली, हे नव्हते. गॅझेटिअरमध्येही वनस्पती होती आणि माणूस नव्हता. दीडशे वर्षांत आपण तिथेच आहोत. जुडी वीस रुपयांची होती. मी ती घेतली आणि घरी येऊन आजीच्या रीतीने केली.

आजी २०१६ साली गेली. त्यानंतरच्या सुटीत मी माझ्या मुलीला घेऊन गावी गेले. माय आम्हाला ओढ्यापलीकडे घेऊन गेली. मुलीने विचारले, “आजी, हे कुणाचं शेत आहे?” माय थोडी थांबली. तीन एकरांकडे बघून तिने म्हटले, “आपलं हाय, पर कागद नाही.” ओढ्याकडच्या पट्ट्याकडे बघून म्हटले, “आन् हे कुनाचंच नाही, म्हनून सगळ्यांचं हाय.” त्या पट्ट्यात वस्तीतल्या दोन बाया कुर्डू खुडत होत्या. त्यांनी आमच्याकडे मान वर करून पाहिले आणि पुन्हा खुडू लागल्या. कुणी कुणाला काही विचारले नाही.

आता त्या विद्यार्थिनीला मी जे सांगितले ते लिहून थांबते. तुझ्या घरी रोज दुष्काळ नसतो, बाळ. तुझ्या घरी एक विद्या आहे. ती तुझ्या आजीने, पणजीने, कुणाच्या उपकाराशिवाय जगता यावे म्हणून सांभाळली. आणि तुझ्या घरी एक अन्यायही आहे. त्या विद्येशिवाय जगताच येऊ नये, अशी व्यवस्था ज्यांनी केली, त्यांचा तो अन्याय. पहिल्या गोष्टीची लाज बाळगू नकोस आणि दुसऱ्या गोष्टीचा अभिमान बाळगू नकोस.

मग मी तिला एक काम दिले, तेच या लेखाच्या वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, त्यांना सुचवते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी वही घेऊन बसा. प्रत्येक भाजीपुढे चार गोष्टी लिहा. नाव काय, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या गटात आणि तिथे जायला कुणाला काय द्यावे लागे. आणि घरातला पत्र्याचा डबा उघडा. त्यात दंडाच्या पावत्या असतील तर त्यांच्या नकला काढून ठेवा. नामांकित दप्तरखान्यांत आपला इतिहास थोडा आहे. या डब्यांत तो पुष्कळ आहे आणि कचेरीत त्याची गरज उद्याच पडणार आहे.

त्या मुलीची वही आता भरत आली आहे. तिच्या आजीने एकतीस भाज्या सांगितल्या. त्यांतल्या नऊ मला माहीत नव्हत्या.